भिकूदादाचा एच ड्राइव्ह

आज खण आवरताना जुन्या हार्ड डिस्कची राखाडी, चपटी केबल हाताला लागली आणि कुठूनसा उदबत्तीचा वास आला.

पेडण्यात भिकूदादाचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या कॉम्प्युटरवर मी सिस्टीम नव्याने घातली, तर ती सी सोडून एच ड्राइव्हवर जाऊन बसली. कॅमेऱ्याच्या कार्डांचा रीडर जोडलेलाच राहिला होता, त्याने ड्राइव्हची सीपासूनची अक्षरं अडवून धरली होती. अल्बमचा प्रोग्राम सीशिवाय चालेना. म्हणजे रीडर काढायचा, डिस्क पुसायची आणि परत पहिल्यापासून. पण पडद्यावर एकाच मापाच्या दोन डिस्क दिसत होत्या आणि एकीत गावातल्या लग्नांचे सगळे फोटो होते.

माझं बोट कीबोर्डवर थबकलं.

"रे, रवं मरे इल्लो," म्हणत भिकूदादाने मला जरा थांबवलं. त्याने मॉनिटरपुढे नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्येच्या हाताक येस दी."

"व्हय म्हाराजा," दारातून त्याची बायको म्हणाली.

तेवढ्यात मला सुचलं. मशीन बंद करून मी फोटोंच्या डिस्कची केबल उपसली. आता एकच डिस्क दिसली, ती पुसली. शेवटी पडद्यावर सी उमटलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्या डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नात हसणारे बाबाही होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. आमच्या भिंतीवर आज हार घातलेला फोटो तोच.