पिकअप तीन इंच उचलली तेव्हा

माझी पिकअप उंच करायची ठरली तेव्हा सल्ले द्यायला अख्खं गाव तयार होतं, आणि त्यातल्या एकालाही ती चालवायची नव्हती. "चार इंच उचला वहिनी, रुबाब दिसतो," असं सांगणारा स्वतः मोटारसायकलवर फिरणारा. नवरा पुण्यात नोकरीला, तो तिथून व्हिडिओ पाठवायचा. त्यात गाड्या दगडाधोंड्यांवर चढत होत्या. मी फोनवर म्हटलं, "अहो, मला डोंगर चढायचा न्हाई, मिरचीची रोपं पोचवायचीत!"

तेलगावपासून थोडं आत माझी रोपवाटिका आहे. रोज सकाळी आधी रानात चक्कर, मग मागं रोपांचे ट्रे भरून गावोगाव. अडचण होती ती रानाच्या वाटेची. उसाच्या ट्रॅक्टरांनी तिथं अशा खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. खर्रकन आवाज आला की मी ब्रेक दाबून खाली वाकून बघायची. पावसाळ्यात तर गाडी त्या उंचवट्यावर बसून राहायची आणि चाकं नुसती फिरायची.

आणि शेजारच्या सीटवर मामा. मामा म्हणजे माझे सासरे. गुडघे गेल्यापासून त्यांचं चालत रानात जाणं बंद झालं होतं. पण रोज माझ्यासोबत गाडीत बसायचं, वाटेत ज्याच्या-त्याच्या कपाशीला नावं ठेवायची, तासभर बांधावर बसायचं आणि घरी यायचं, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. एखाद्या दिवशी खाडा पडला की दुपारचं ताट तसंच राहायचं. म्हणून माझी अट एकच होती. गाडी कितीही उंच होवो, मामांना तीत चढता आलं पाहिजे.

चौकातले गॅरेजवाले चाचा माझ्या गाडीचे जुने डॉक्टर. त्यांनी चार इंचाला सरळ नकार दिला. "वळनावर गाडी झुलती, टायर बी लवकर जातेत. रोजची गाडी हाय ताई, मिरवायची न्हाई."

"मग मागच्या स्प्रिंगला एखादा जादा पाटा टाका," मी माझी अक्कल पाजळली.

"टाकतो की! मंग गाडी कडक हुईल अन् तुमची मिरची नाचत नाचत जाईल गिऱ्हाइकाकडं."

शेवटी दोन का तीन इंच, एवढाच प्रश्न उरला. दोन इंचांत उंचवटा जेमतेम टळत होता, तीन इंचांत बिनघोर. चाचा म्हणाले, "आधी तुमच्या मामांना घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या चारही चाकांखाली इंचभर जाडीच्या दोन-दोन फळ्या घातल्या आणि मामांना चढायला सांगितलं. मामा चढले. मग आणखी एकेक फळी घातली. मामांनी एक हात चाचांच्या खांद्यावर ठेवला, एक हात दाराला, आणि "हं" म्हणून वर. टपरीवरचे चार लोक बघत होते, त्यामुळं मामा जरा जास्तच ताठ बसले होते. "तीनच करा. मी काय म्हातारा हाय का?" म्हणाले.

तसे स्प्रिंग आणि शॉकप बसले. पहिल्या दिवशी गाडी उंचवट्यावरून गेली आणि पोटाला काही म्हणता काही लागलं नाही. मी एकटीच जोरात ओरडले, "अगं बाई!" एकटीच, कारण मामा आले नव्हते.

"आज कंबर धरलीय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाहुणा येणार होता, तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी "उन्हाचं कशाला जायचं?" असं सकाळी सात वाजता. मी दाराखाली पायदान लावून घेतलं, तरी मामा घरीच. मग स्टूल आणलं. त्यावरून मामा एकदा चढले, पण उतरताना रानातल्या काळ्या मातीत त्याचे दोन पाय रुतले आणि ते हातभर कललं. मामा त्याच्याकडं बघून म्हणाले, "ह्याच्यापरीस माझे गुडघे बरे." हसले, पण पुढच्या दिवसापासून पुन्हा घरी. दुपारचं ताट तसंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गाडी घेऊन चाचांच्या दारात उभी राहिले. "काढा हे सगळं! तुमच्या फळ्यांनी घात केला."

चाचा शांतपणे हात पुसत म्हणाले, "त्या दिवशी ते माझ्या खांद्याला धरून चढले, ताई. घरी कुनाला धरतात?"

घरी मी. आणि आमच्याकडं सासरा सुनेचा हात धरत नाही. ह्या घरात येऊन अठरा वर्षं झाली, मामांनी कधी माझ्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा थेट घेतला नाही. मी खाली ठेवायचा, त्यांनी उचलायचा. माझ्यासोबत रोज गाडीत बसायचे, मला हिशेब-व्यवहार सगळं विचारायचे, पण हात? छे! मला हे सुचलंच नाही, ह्याची लाजच वाटली.

काहीच न काढता गाडी घेऊन घरी आले. सकाळी गाडीचं दार उघडून उभी राहिले आणि सरळ हात पुढं केला. "धरा मामा."

मामा दचकले. गल्लीकडं बघितलं. "लोकं काय म्हनतील पोरी?"

"लोक नेणार हाईत का तुमाला रानात?" माझा आवाज चढलाच. जिभेला हाड नाही माझ्या. ते मान खाली घालून आत गेले, आणि मी रागातच गाडी सुरू केली. खरं तर मला रडू येत होतं.

गाडी वळवते तोच टोपी नीट करत मामा बाहेर आले. दाराशी थांबले. नुसता हात पुढं केला. मी उतरून पलीकडं गेले आणि धरला. हात खरबरीत, आणि वाटला होता त्यापेक्षा कितीतरी हलका होता. एका हिसक्यात मामा वर.

रानात उतरायची वेळ आली तेव्हा ऊसतोडीची टोळी बांधावर न्याहारीला बसलेली. सगळे बघायला लागले. माझाच हात मागं आला. मामांनी वरूनच आवाज टाकला, "बघता काय रं? सून हाय माझी. हिचा न्हाई तर कुनाचा हात धरू?" आणि मला म्हणाले, "नीट धर गं, लई उंच करून ठिवलीस."