नवव्या आठवड्याची तरतूद

कटिंग मास्तरांना चार वर्षं धड झोप नव्हती. गणवेशांच्या कारखान्यात चाळीस थर कापड एका दमात कापणारा हा माणूस, पण एका सकाळी त्यांनी सगळ्या थरांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मालक ओरडले नाहीत. "मास्तर, काही दिवस काजं-बटणं बघा," एवढंच म्हणाले. ते मास्तरांना ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

इस्पितळात झोपेच्या नव्या औषधाची चाचणी चालू असल्याचं लेकीने शोधून काढलं. फॉर्मही तिनेच वाचून दाखवला. आठ आठवडे रोज एक गोळी, दर आठवड्याला रक्त, वहीत झोपेची नोंद. कुणाला खरं औषध, कुणाला नुसतीच गोळी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

"बाबा, विचार करून सही करा."

"विचारच करतोय गं, चार वर्षं, पडल्या पडल्या."

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्याच रात्री मास्तर सलग सहा तास झोपले. बायकोने घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरून पाहिला.

चौथ्या आठवड्यात त्यांनी सिस्टरना विचारलं, "आठ आठवडे संपल्यावर?"

"मग बंद. बाजारात यायला वर्षं लागतील. आलंच तर."

त्या दिवसापासून मास्तर एकाआड एक दिवस गोळी घेऊ लागले. उरलेली रुमालात बांधून कपाटात. वहीत मात्र रोज 'घेतली'.

बायकोच्या हाती रुमाल लागला. "अहो, मिळतेय तेवढी तरी झोपा ना!"

"आणि नवव्या आठवड्यात काय करू? तू सांग."

तिने रुमाल पुन्हा बांधून कपाटात ठेवला.

सहाव्या आठवड्यात रक्ताने चहाडी केली. नमुने तपासणाऱ्यांनी कळवलं, नोंद आणि रक्त जुळत नाही. डॉक्टरबाईंनी विचारल्यावर मास्तरांनी सगळं कबूल केलं.

"तुम्हाला आता पुढे गोळ्या देता येणार नाहीत. साठवलेल्याही परत आणा."

"बाई, नोंद खोटी होती, पण झोप खरी होती हो." मास्तरांनी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "नवव्या आठवड्यासाठी मी काहीही मागत नाही. फक्त नाव काढू नका."

बाईंनी पाणी पुढे केलं. दुसरं देण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रुमालातल्या सातही गोळ्या नेऊन दिल्या. परतताना जिन्यातच बसले आणि तासभर उठले नाहीत. शेवटी लेक येऊन घेऊन गेली.

त्या औषधाचं पुढे काय झालं, ते कुणी कळवलं नाही. लेक अजून इस्पितळात फोन करते. मास्तरांनी तिला विचारणं सोडून दिलंय.