दोनदा पुकारलेलं नाव

घरात, पक्षात, मतदारसंघात कुणालाच हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतानाही वाक्य सरळ उभं राहत नाही, म्हणून थोडं आडून सुरुवात करतो, आमच्या अर्थसंकल्पापासून.

मी नागपूरला लागून असलेल्या एका मतदारसंघाचा आमदार आहे, सत्तारूढ पक्षाचा. दरवर्षी तेच पाहतो आणि दरवर्षी तितकाच चडफडतो. इमारतीला तरतूद होते, यंत्राला होते, कोनशिलेलाही होते. तिथे काम करणाऱ्या माणसाच्या पदाला मात्र मंजुरी मिळत नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं आली, पण ती चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पदच नव्हतं. यंत्रांवरचं प्लॅस्टिक तसंच राहिलं. हे मी किती जणांना तळमळून सांगितलं असेल — कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत, गाडीत. आणि जिथे सांगायला हवं होतं, तिथे?

आमच्याच गावच्या मंदाताईंचे पती आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बसने नागपूरला जात. परतताना त्यांना उभं राहवत नसे; ताई कंडक्टरला विनवून त्यांच्यासाठी जागा मिळवत. हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, आपल्या मशिनीचं तेवढं बोलजा बरं." मी शब्द दिला. पुरवणी मागण्यांवरच्या चर्चेसाठी नाव दिलं, भाषणही स्वतः लिहिलं.

अधिवेशन संपल्यावर गावात सांगितलं, की मला बोलूच दिलं नाही, वेळ संपली. अशी सबब आमच्यात सर्रास चालते. तपासायला कोण जातं?

पुढे एका बैठकीत एका वृद्धाने विचारलं, "काहून भाऊ, तिथं काय मौनव्रत असते का?" लोक हसले. मंदाताई उठून उभ्या राहिल्या. "त्यायले बोलूच नाही देलं बुवा, तं ते काय करतीन?" हसू थांबलं. आणि मी — मी त्यांना हात जोडले. खोटं बोलणं एक. ते दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या विश्वासाने, पुन्हा वदवून घेणं — त्याला काय म्हणावं?

झालं होतं ते असं. त्या दुपारी चर्चेआधी पक्षातल्या एका ज्येष्ठांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. महामंडळाच्या अध्यक्षपदाच्या यादीत तुमचं नाव आहे, म्हणाले, आज जरा सांभाळून. ती धमकी नव्हती. बोलू नका, असंही ते म्हणाले नाहीत. तो निर्णय माझा. आमच्याकडे रीत अशी, की नाव पुकारल्यावर सदस्य जागेवर नसेल तर पुढचं नाव घेतात. कारण कुणी विचारत नाही. मी लॉबीत जाऊन बसलो, चहा मागवला. ध्वनिक्षेपकातून माझं नाव आलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं. दार दहा पावलांवर होतं, भाषण खिशात होतं. मी कपात पाहत राहिलो. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलं.

महामंडळ मिळालं. त्याची गाडी आजही वापरतो.

तंत्रज्ञ आला तो पुढच्या वर्षी, दुसऱ्या कुणाच्या तरी पाठपुराव्याने. तोवर मंदाताईंचे पती गेले होते. मी बोललो असतो तरी पद लगेच मिळालं असतंच असं नाही — हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता ते उच्चारण्याचीही लाज वाटते.

त्यांच्या तेरवीला गेलो होतो. ताईंनी अंगणात बसलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमदारभाऊ. यायच्यासाठी लय भांडले तिकडं." भिंतीला टेकवलेल्या तसबिरीकडे त्यांनी हात केला होता. पाहुणे उठून उभे राहिले. कुणीतरी माझ्यासाठी पाट मांडला.

मी पानावर बसलो, आणि जेवून उठलो.