दसारामजींच्या पडवीतली तीन पत्ती

देवरीहून आलेल्या मोटारीचा ड्रायव्हर शाळेच्या दाराशी आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे दसारामजी काल गेले. लेकीच्या घरीच. तापानं." मी बरं म्हणालो आणि फळ्यावरचे अर्धे गणित पुरे केले. सुट्टी होईपर्यंत शिकवत राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू आलेले नाही.

केशोरीत त्यांची आणि माझी बांधी, म्हणजे धानाचे शेत, लागून. उन्हाळ्यातल्या दुपारी त्यांच्या पडवीत आम्ही चौघे तीन पत्ती खेळायचो, तीही चिंचोक्यांवर. चटईवर पैसा त्यांनी कधी येऊ दिला नाही. पत्ते मांडीआड न्यायचे नाहीत, चटईवरच ठेवायचे. आपण टाकून दिलेल्या पत्त्यांत काय होते ते सांगायचे नाही, त्याने उरलेल्यांचा खेळ बिघडतो. जिंकणारे पत्ते हातात धरून समोरच्याला ताटकळत ठेवायचे नाही. एकदा मी सारखा हरून पत्ते आपटले, तर एवढेच म्हणाले, "जा मास्तर, पाणी पिऊन ये. रागात खेळून राहिला तू." आणि शेजाऱ्याचे पत्ते दिसले तर तिथल्या तिथे सांगायचे... हे ते नव्या माणसाला सगळ्यांत आधी सांगत.

एका साली पाऊस मध्येच थांबला. दोघांचेही धान पोटरीत आलेले आणि तलावात पाणी एकाच बांधीला पुरेल एवढे. आधी कोणी घ्यायचे यावरून आमचे बोलणे तुटायची वेळ आली. शेवटी तेच म्हणाले, "भांडाचं कायले? एक डाव टाकू. जिंकल त्याचं पाणी."

माझ्याकडे दुर्रीची जोडी आली, जोड्यांत सगळ्यांत लहान. त्यांनी आपले पत्ते उचलले तेव्हा ते जरा कलले आणि मला दिसले. एक्का, नव्वी, पंजी. कशात काही नाही. तरीही ते न थांबता मुठीमुठीने चिंचोके पुढे सारत होते. पत्ते दिसले नसते तर मी तेव्हाच डाव सोडला असता. मी बोललो नाही. दोन चाली आणखी खेळलो आणि शो मागितला. त्यांनी लगेच पत्ते उलटे केले, माझे पाहिले आणि म्हणाले, "घे मास्तर. आजच पाट फोड."

माझे धान पिकले. त्यांचे उभ्याउभ्या वाळले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा मला बोलावले, पूर्वीसारखेच. आज सांगू, उद्या सांगू, असे करत सहा उन्हाळे गेले.

दसारामजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, देवरीहून परत आल्या तेव्हा भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. मी कप हातात घेऊन सांगून टाकले, "वहिनी, त्या डावात मी त्यांचे पत्ते पाहिले होते."

"माहीत हाये," वहिनी म्हणाल्या. "त्यायले तवाच कळलं होतं. मास्तर दुर्रीच्या जोडीवर डावात राहत नाही म्हणत."

"मग बोलले काऊन नाही?"

"झाल्या डावावर ते बोलत नोहोते." मग म्हणाल्या, "त्या साली आमी मोहाच्या फुलावर दिवस काढले. तुमाले सांगू नको म्हणे."

मी चहा पिऊन टाकला. काही वाटले नाही... किंवा काय वाटले ते समजले नाही.

त्या सालानंतर गावाने आमच्या पाण्याची पाळी बांधून दिली होती, एक साल त्यांचे, एक साल माझे. यंदा माझे. परवा पाट सुटला तेव्हा मी त्याचे तोंड त्यांच्या बांधीकडे फिरवले. वहिनी दोन बांधींमधल्या धुऱ्यावरून चालत आल्या, पदर खोचला आणि फावड्याने माती ओढून ते तोंड बुजवले.

"पाळी तुमची हाये, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमीच घ्या."

पाणी आता माझ्या बांधीत उभे आहे.