हसवणाऱ्या नटाचा पोलीस

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याच्या पोलीस लाईनीत आले, तेव्हा साठीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि एका नटावर माझा भारी जीव होता. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेलं, पण मारामारी अशी करायचा की मार खाणाऱ्यालाही हसू यावं. तो पडद्यावर नुसता आला की आम्ही तोंडाला पदर लावायचो.

आमचे हे शिपाई. नवा सिनेमा लागला की टॉकीजच्या दारावर बंदोबस्त यांचाच. त्या नटाचा नवा सिनेमा लागला, तेव्हा तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "उद्या दुपारी बायकांचा खेळ हाय. जाऊन ये."

आज सूर्य कुठून उगवला म्हणायचं! वर्षभरात या माणसानं मला धड बाजार दाखवला नव्हता. त्यात महिन्यापासून बोलणंही बंद. दोन घास खायचे नि उठायचे. माझ्या हाताला चव नाही की मीच आवडत नाही, काही कळेना. विचारलं की "कायी नाई." माणूस आहे का धोंडा!

"कावून पाठवून राहिले मले?"

"पाहून ये, मंग बोलू."

शेजारच्या हवालदारीणबाईंना घेऊन गेले. आमचा नट हवालदाराच्या वेशात आला आणि सगळ्या बायका खदखदल्या. त्यानं चोरीच्या संशयावरून एकाला कोठडीत बडवलं, आम्ही हसलो. मार खाणारा पडला. आता उठून याची टोपी उडवेल म्हणून वाट पाहत राहिलो, तर तो उठेचना. मग कळलं, चोर दुसराच कोणी निघाला. हवालदार घरी येतो, ताटावर बसतो, घास हातातच राहतो.

"माय वं, आता तो टोपीतच वरण वाढून घेते पाह्य!" हवालदारीणबाई म्हणाल्या. मीही हसले. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला कळेना, ही हसवायची कोणती नवी तऱ्हा? सिनेमा संपला तरी गंमत आलीच नाही. फसवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी हे आले. "पाह्यला?"

"हो. लय हसलो आमी. पण समजलं कायीच नाई."

"हसली?" एवढंच म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले. दारावर उभं राहून आमचं हसणं ऐकलंच असेल यांनी.

माझं डोकं फिरलं. भांडी आपटली. "मंग बोलू म्हणले होते ना? बोला ना आता!" रागारागानं भाकरी थापताना तोच सिनेमा डोक्यात फिरत होता, आणि एकदम माझा हात थांबला.

"अवं, तुमी कोनाले मारलं?"

हे भिंतीकडून वळले. मग म्हणाले, "दवाखान्यात हाय तो. त्यानं चोरी केलीच नव्हती. त्याची बायको पायरीवर बसून राह्यते. मी रोज पाहून येतो, तर मले हात जोडते. म्हणते, तुमीच एक देवमाणूस. तिले ठाऊकच नाई."

आणि तो दांडगा माणूस लेकरासारखा रडायला लागला. मी पिठाच्या हातानं तशीच उभी. याच्या पाठीवर हात ठेवावा, की त्या बाईजवळ पायरीवर जाऊन बसावं, मला काही केल्या समजेना.