पायरीवरचा गवंडी

लग्न होऊन मी नगरकडून पिंपरीला आले तेव्हा औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता. नवऱ्याला तिथेच नोकरी लागली होती. आजूबाजूला आम्ही सात-आठ ख्रिस्ती घरं होतो. चर्च नव्हतं, म्हणून रविवारची उपासना आमच्याच बाहेरच्या खोलीत व्हायची. माझे सासरे मिशन शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तेच शास्त्रपाठ वाचायचे, तेच उपदेश करायचे. महिन्यातून एकदा पुण्याहून पाळक येऊन प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, म्हणजे प्रभुभोजन, देत.

आमच्यातला एक गवंडी कारखान्याच्या चाळी बांधायच्या कामावर होता. त्याची बायको माहेरी गेली असताना तो भरदुपारी दारू पिऊन बाभळीखाली झोपला आणि पाच वर्षांची मुलगी पवना नदीत बुडाली. मुलीला पुरलं त्याच आठवड्यात बायको घर सोडून भावाकडे निघून गेली.

सासऱ्यांनी पाळकांना सांगितलं, "याला इतक्यात प्रभुभोजन देऊ नका. केलेल्याचं ओझं त्याला कळू दे."

पाळकांनी ऐकलं.  गवंडी दर रविवारी धुतलेले कपडे घालून यायचा आणि दाराबाहेर पायरीवर बसायचा. गायन सुरू झालं की त्याचा आवाज बाहेरून यायचा, जरा मागे पडलेला. असं वर्षभर चाललं. मला ते बघवत नसे, पण सासऱ्यांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

एका रविवारी सासऱ्यांनी न्यायाच्या दिवसावर उपदेश केला. सगळे गेल्यावर मी गवंड्याला चहा नेऊन दिला. सासरेही बाहेर येऊन उभे राहिले. गवंडी कपाकडे बघत म्हणाला, "मास्तर, वर गेल्यावर मान्सं एकमेकाला वळखतात का?"

"ओळखतात. आपली गेलेली माणसं आपल्याला भेटतील, हीच तर आपली आशा आहे."

"मंजी माझी पोर मला वळखंल."

"हो. आणि प्रत्येकाला आपल्या करणीचा जाबही द्यावा लागेल."

"जाब द्यायला मी तयार हाय. देवाला देईन, तो काय म्हनंल ते ऐकीन. पर तिला काय सांगू?"

 सासऱ्यांकडे शास्त्रातलं वचन नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. गवंड्यानं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि तो गेला.

त्या आठवड्यात सासरे नीट जेवले नाहीत. गुरुवारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा ते समोर येऊन बसले. म्हणाले, "शाळेत एक मुलगा होता, सूनबाई. पाढे येत नाहीत म्हणून मी त्याला वर्गासमोर फोडून काढला. तो परत शाळेत आला नाही. पुढे तापानं गेला. पंचवीस वर्षं झाली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही."

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"मी गवंड्याला बाहेर बसवलं," ते म्हणाले, "आणि स्वतः आत पुढे उभा राहिलो."

पाळक आले त्या रविवारी भाकर मोडायच्या आधी सासरे उठून दाराशी गेले. "आत चल," ते गवंड्याला म्हणाले. तो हलेना. तेव्हा सासरे गुडघ्यांना हात देत पायरीवर, त्याच्या शेजारी बसले. "तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही. मलाही एकाला तोंड द्यायचंय. पण तिथं आपल्या बाजूनं बोलणारा एक जण असेल, आणि न्याय करणारा प्रभूही तोच असेल. एवढ्यावरच मी जगतोय."

दोघं आत आले आणि मागच्या सतरंजीवर गुडघे टेकून बसले. गवंड्यापुढे पाळकांनी प्याला स्वतःच धरला.

त्याची दारू तिथंच सुटली, असं मात्र झालं नाही. दोनदा तो पुन्हा प्यायला आणि दोन्ही वेळा आपणहून पायरीवर जाऊन बसला. दोन्ही वेळा सासरे त्याला आणायला उठले. तिसरी वेळ आली नाही.

बायको संसाराला परतली नाही. पण पुढच्या ईस्टरच्या सकाळी ती फुलं घेऊन दफनभूमीत आली. तो आधीच तिथे होता. तिनं अर्धी फुलं त्याच्या हातात दिली आणि दोघांनी ती मुलीच्या मातीवर ठेवली. 

तीन-चार वर्षांनी छातीच्या दुखण्यानं त्यानं अंथरूण धरलं. मी पेज घेऊन जायची. एकदा मी विचारलं, "भीती वाटते का?"

"आधी पोर रागवंल," तो म्हणाला. "रागवू दे, तिचा हक्क हाय. मग बोलंल. लई बोलायची ती."

आणि त्यानं उरलेली पेज मागून घेतली.