ओरडला नाही म्हणून

आमचे मसल्लमकाका उन्हाळ्यात माणसं पुरायचे. इजिप्तच्या वाळवंटातल्या आमच्या सिवात याचं कुणाला नवल नाही. दक्रूरच्या डोंगराखाली सकाळीच खड्डे खणायचे, दुपारपर्यंत त्यांत ऊन मुरू द्यायचं, मग सांधे धरलेल्या माणसाला आत निजवून गळ्यापर्यंत तापली वाळू लोटायची. थोड्या वेळानं बाहेर काढून घोंगडीत गुंडाळायचं आणि तंबूत नेऊन मेथीचा कढत काढा पाजायचा. पार अलेक्झांड्रियाहून लोक यायचे.

काका घड्याळ बघत नसत, तोंड बघत. कपाळाला आठी पडली, ओठ आवळले, वाळूखाली पाय चुळबुळले, की त्यांचं फावडं चालू. एकदा कैरोचा एक जाडजूड व्यापारी लाजेपोटी दातओठ खात पडला होता. काका खेकसले, "अहो हाजी, ओरडा की! इथं काय तुमची सासू ऐकतीय?" सगळे हसले, हाजी ओरडले आणि बाहेर आले.

माझे वडील सनूसी हे काकांचे थोरले भाऊ. जन्मभर खजुराच्या झाडांवर चढले आणि शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. रक्तात साखरही बरीच वर्षं होती. तळव्यात खजुराचा काटा मोडायचा, तो त्यांना कळायचा नाही. चटईवरचे रक्ताचे डाग आईला आधी दिसायचे. "माझे पाय आता उंटाचे झालेत," असं ते ऐटीत सांगायचे. आम्हालाही त्याचं कौतुकच होतं.

त्या वर्षी नमाजाला वाकता येईना, तेव्हा वडील वाळूला तयार झाले. मीच त्यांना गाढवगाडीतून नेलं.

"भाऊ, सोसेना झालं की सांग हं," काका म्हणाले.

"तू लंगोटात होतास तेव्हापासून मी ऊन खातोय. मला शिकवतोस?"

शेजारच्या खड्ड्यातला माणूस विव्हळला, तसं त्याला बाहेर काढलं. वडील मजेत होते. गुडघे सैल पडताहेत, बरं वाटतंय म्हणाले. काका आसपासच्या परगावच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, याला म्हणतात हाड! आमच्या आईचं दूध आहे ते." आणि त्यांनी पायांवर आणखी एक थर ताजी वाळू ओढली.

बाहेर काढलं तेव्हा वडिलांच्या तळव्यांची कातडी पांढरी पडून सुटली होती. काकांच्या हातातलं फावडं गळालं. वडील आपल्याच पायांकडे दुसऱ्याचे असावेत तसे बघत म्हणाले, "कुठं काय? मला तर काहीच होत नाहीये."

मत्रूहच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, साखरेनं तळव्यांच्या नसा मेल्या होत्या. गुडघ्यांचं दुखणं डोक्यापर्यंत पोचत होतं, पायांचं भाजणं पोचतच नव्हतं. जखम चिघळत गेली. डावं पाऊल अर्धं कापावं लागलं.

काकांनी दोन उन्हाळे फावड्याला हात लावला नाही. वडिलांनीच त्यांना बळं परत पाठवलं, पण जमेना. कुणी शांत पडलं की काका घाबरायचे, वाळू नीट चढायच्या आत त्याला उकरून काढायचे. लोक कुरकुरायला लागले. शेवटी खड्डे दुसऱ्यांनी घेतले आणि काका आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले.

एकदा ते वडिलांना म्हणाले, "भाऊ, एक शिवी तरी घाल मला."

"शिवी कशाला? तू मला हाजीसारखं ओरडायला लावलं असतंस, तर मी खोटं का होईना, ओरडलो असतो."

वडील हे थट्टेत बोलले. त्यांच्या ध्यानातही राहिलं नसेल. काका मात्र उठले, चपला न घालताच घरी गेले, आणि त्यानंतर आठवडाभर आले नाहीत.

वडील पुढं छातीच्या दुखण्यानं गेले. मय्यतीला अंघोळ घालायला काका आणि मी होतो. मी पाण्याचा तांब्या उचलला तर काकांनी हात धरला. बादलीतल्या ऊन पाण्यात कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं.

"काका, आता त्यांना..." मी म्हणालो.

"माहीत आहे रे," काका म्हणाले, आणि आणखी थोडं गार पाणी ओतलं.